मदत हवी आहे: फिरत्या खुर्चीवर हातातल्या बाटल्या सोडल्या, तरी वेग का वाढला नाही?

नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाला, फिजिक्स दहावीतच सुटलं. मुलगी बारावी सायन्सला आहे. पहिल्याच धड्यात कोनीय संवेग (म्हणजे वस्तूच्या फिरण्याचा साठा; क्लासवाले अँग्युलर मोमेंटमच म्हणतात) बाहेरून पीळ बसला नाही तर कायम राहतो असं आहे, आणि उदाहरण नेहमीचंच, बर्फावर गिरक्या घेणाऱ्या बाईचं. आमच्याकडे बर्फ फक्त फ्रीजच्या ट्रेमध्ये. म्हणून रविवारी फिरती खुर्ची हॉलच्या मधोमध ओढली, २ लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेतल्या, हात पसरून बसलो आणि मुलीने ढकललं.

हात छातीशी घेतले की खुर्ची गपकन वेग घेते. मोबाइलवर मोजलं: हात पसरलेले असताना एका फेरीला ३ सेकंद, जवळ घेतल्यावर साधारण १.३. इथपर्यंत पुस्तक खरं.

मग मला नसती हुशारी सुचली. जडत्व आघूर्ण (वजन किती आणि अक्षापासून किती लांब पसरलंय, त्याचं माप) कमी झालं की वेग वाढतो ना? मग बाटल्या जवळ कशाला घ्यायच्या, सोडूनच देऊ. वजनच गेलं म्हणजे खुर्ची सुसाट सुटायला हवी. हात पसरलेलेच ठेवून दोन्ही बाटल्या एकदम सोडल्या. वेग तसूभरही वाढला नाही. उलट खुर्ची नेहमीपेक्षा लवकर थांबली! मुलगी म्हणते, "बाबा, तुमचं काहीतरी चुकतंय." काय चुकतंय ते तिलाही सांगता येत नाही. नियम मोडला की मी?

रिकामटेकडा: घर्षण हो, दुसरं काय. बेअरिंग जुनं असणार. तेल सोडा.

खुर्चीवाला बाबा: तेल सोडलं, गादीवर डागही पाडला. पण हात जवळ घेतल्यावर त्याच बेअरिंगवर वेग वाढतोय की. मग बाटल्या सोडतानाच ते आडवं येतं का?

प्रयोगवही: बाबा, आधी एक सांगा. बाटल्या नेमक्या कुठे पडल्या? हाताच्या सरळ खाली की लांब?

खुर्चीवाला बाबा: आता व्हिडिओ परत पाहिला. सरळ खाली नाही. फिरण्याच्या दिशेने पुढे जाऊन पडल्या, हाताखालच्या जागेपासून दोन-अडीच फूट तरी लांब. एक शोकेसच्या पायाला धडकली. (घरात यावर वेगळी चर्चा झाली.)

प्रयोगवही: मग उत्तर तुमच्या शोकेसनेच दिलंय. बाटली सुटली तेव्हा तिला वेग होता, तोच घेऊन ती गेली. तिच्या वाट्याचा कोनीय संवेगही तिच्याबरोबरच गेला. तुम्ही धरून चाललात की अख्खा संवेग मागे तुमच्याकडेच राहिला.

ढोबळ आकडे घेऊ. तुम्ही आणि खुर्ची मिळून जडत्व आघूर्ण १.५ धरा. बाटल्या अक्षापासून ०.८ मीटरवर, प्रत्येकी २ किलो; दोन बाटल्या × किलो × अंतराचा वर्ग, म्हणजे २ × २ × ०.६४ = २.५६. एकूण ४ च्या आसपास. बाटल्या ०.२ मीटरवर आणल्या की त्यांचं फक्त ०.१६ उरतं, एकूण १.६६. वेग जवळजवळ अडीचपट व्हायला हवा. तुमचे ३ आणि १.३ सेकंद त्याच्या जवळपासच आहेत, थोडं घर्षणाने खाल्लं.

सोडताना मात्र ४ पैकी २.५६ चा वाटा बाटल्यांनी उचलून नेला. तुमच्याकडे आघूर्णही १.५ आणि संवेगही त्याच प्रमाणात. वेग म्हणजे संवेग भागिले आघूर्ण; भागाकार तोच, म्हणून वेग तोच. लवकर का थांबलात? संवेगाची शिल्लक ३७ टक्क्यांवर आली आणि बेअरिंगचं खाणं साधारण पहिल्यासारखंच चालू राहिलं.

खुर्चीवाला बाबा: अरे वा! म्हणजे भागीदार आपलं भांडवल घेऊन बाहेर पडला आणि मी त्याची रक्कम आपल्याच खात्यात धरून बसलो होतो. हे मुलीच्या आधी मला समजलं.

ज्वारीची_राखण: गोफण फिरवलेल्या माणसाला हे हाताने माहीत असतं. दगड सुटला की हाताचा वेग काही वाढत नाही. आणि दगड बाहेरच्या बाजूला उडत नाही, त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता तसाच सरळ सुटतो. म्हणून समोरच्या पाखरांवर मारायचं तर दगड समोर आल्यावर नाही, बाजूला असतानाच दोरी सोडावी लागते. लहानपणी हे शिकताना मी आमचीच म्हैस दोनदा टिपली आहे.

खुर्चीवाला बाबा: 😀 आता दुसरी शंका, ही मुलीची आहे. बाटल्या जवळ घेताना संवेग तेवढाच राहिला, पण वेग वाढला म्हणजे ऊर्जा वाढली. ती कुठून आली? मागून कोणी ढकललं नव्हतं.

प्रयोगवही: तिच्या बाबांच्या दंडातून. फिरताना बाटल्या आत ओढायला जोर लागतो हे जाणवलं असेलच. तो ओढा तुमच्या आणि बाटल्यांच्या आपसातला; बाहेरून बलाघूर्ण (फिरवणारा पीळ) काही नाही, त्यामुळे एकूण संवेग जैसे थे. पण बाटली त्या ओढीच्या दिशेने सरकते, म्हणून कार्य होतं. वरच्याच आकड्यांनी ऊर्जा साधारण ९ ज्यूलवरून २२ वर जाते. मधले १३ ज्यूल तुमचे: एक भरलेली बाटली जमिनीवरून ६५ सेंटिमीटर उचलण्याइतके.

आकाशवेडी: ताऱ्यांच्या बाबतीतही हाच हिशोब मांडावा लागतो. आपल्या सूर्याला विषुववृत्तापाशी स्वतःभोवती फिरायला २५ दिवसांच्या आसपास लागतात. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटातून जो क्रॅब पल्सार (फुटलेल्या ताऱ्याचा आकसलेला, गरगर फिरणारा गाभा) उरला, तो सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या मारतो. गाभा आकसला म्हणून एवढा वेग. पण बाहेर फेकलेला वायू आपला वाटा घेऊन गेला, म्हणून मूळ ताऱ्याचा सगळा संवेग पल्सारच्या नावावर मांडता येत नाही. असे पल्सार आपल्या नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरही अभ्यासतात, मुलीला एकदा घेऊन जा.

खुर्चीवाला बाबा: जाऊच. शेवटचं विचारतो. मी फिरत असताना मुलीने बाजूला उभं राहून माझ्या हातात बाटल्या दिल्या तर? सोडल्यावर फरक नाही, मग घेतल्यावरही नसावा.

प्रयोगवही: असेल! ती उभी आहे, म्हणजे तिच्या हातातली बाटली स्थिर, बाटलीचा संवेग शून्य. तुमच्याकडचा १.५ चा वाटा आता ४ मध्ये पसरणार. ३ सेकंदांची फेरी ८ सेकंदांची होईल. तिने तुमच्या हाताच्याच वेगाने पळत बाटली दिली, तर मात्र फरक पडणार नाही.

रिकामटेकडा: दोन्ही बाटल्या एकदम द्या, नाहीतर बाबा खुर्चीसकट शोकेसमध्ये. आणि त्या डागावर टाल्कम पावडर टाकून ठेवा, तेल ओढून घेते.