आठ तासांची ड्यूटी एका सुताराने सुरू केली हे खरंय का?

गोदाकाठ_नाशिक:
माझे बाबा सुतार, द्वारका साइडला एका फर्निचर वर्कशॉपमध्ये आहेत. सकाळी नऊला जातात ते रात्री साडेनऊला घरी, लग्नसराईत तर अकरा वाजतात, अंगावरचा भुसा झटकायचं पण त्राण नसतं. कोणीतरी सांगितलं की न्यूझीलंडमध्ये आठ तास पहिल्यांदा एका सुतारानेच मिळवले. १ मेला बोलायचंय मला, नक्की माहिती असेल तर सांगा.

रंधा_पटाशी:
खरंय. सॅम्युअल पार्नेल, लंडनचा सुतार. तिथेही तास कमी करा म्हणत होता पण युनियनने साथ दिली नाही. फेब्रुवारी १८४० मध्ये बोटीने बायकोसोबत वेलिंग्टनजवळ पेटोनीला उतरला. जॉर्ज हंटर नावाच्या व्यापाऱ्याला गोदाम बांधून हवं होतं, हा म्हणाला बांधतो पण दिवसाला आठच तास, आठ तास झोपेचे आणि आठ माझे. हंटर म्हणे लंडनमध्ये सकाळी सहाची घंटा चुकली की सुताराची पाव दिवसाची मजुरी जाते, तर पार्नेल म्हणाला हे लंडन नाहीये. अख्ख्या वस्तीत सुतार तीनच, त्यामुळे हंटरला ऐकावंच लागलं.

गोदाकाठ_नाशिक:
दादा, पण इथे बाबा नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी नाक्यावरून दुसरा माणूस येतो.

मखमलाबाद_ताई:
अरे तिथेही पुढच्या बोटीने सुतार येणारच होते ना! म्हणून तर पार्नेल प्रत्येक बोटीवर जाऊन नव्या कामगारांना सांगायचा की आठ तासांच्या वर कबूल होऊ नका. ऑक्टोबर १८४० ला बॅरेट्स हॉटेलात सगळ्यांची सभा झाली, काम आठ ते पाच, जो जास्त करेल त्याला बंदरात बुचकळायचं असं ठरलं. मला तर गोदामापेक्षा ही सभाच मोठी वाटते, भाषणात हे नक्की घे. आणि नारायण मेघाजी लोखंडेंना विसरू नकोस, त्यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला वेलिंग्टनच्या मिरवणुकीत ८० वर्षांच्या पार्नेलला गाडीत बसवून नेलं. डिसेंबरात तो गेला.

रंधा_पटाशी:
ताई बरोबर. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, पण पाच-सहा माणसांचं वर्कशॉप त्यात बसत नव्हतं, बाबांचं दुखणं तिथेच आहे.

गोदाकाठ_नाशिक:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले आम्ही सहा जण आहोत, पण तासांबद्दल एकत्र कधी बोललोच नाही. रविवारी सगळ्यांना घरी चहाला बोलावलंय.