भुवईखालच्या लेझरनंतर डोळ्याची बाहुली वेडीवाकडी झाली आहे. मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने (वय २७) पाच आठवड्यांपूर्वी नाशिकमध्ये कॉलेज रोडवरील एका सौंदर्य क्लिनिकमध्ये भुवयांखालचे केस लेझरने काढून घेतले. दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंगला जाणे टळावे, एवढाच हेतू होता. आधी संरक्षक चष्मा लावला होता. परंतु भुवईच्या खालच्या कडेला यंत्राचे टोक नीट टेकेना, म्हणून तो काढून तिला फक्त "डोळे घट्ट मिटा" असे सांगण्यात आले.

त्याच रात्री उजवा डोळा लाल होऊन ठणकू लागला आणि उजेड सहन होईना. क्लिनिकने बर्फ लावायला सांगितल्यामुळे दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पवर तपासून डोळ्याच्या आत दाह, म्हणजे युव्हिआयटिस, असल्याचे सांगितले. स्टिरॉइडच्या आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी दाह उतरला, पण बाहुली अजूनही एका बाजूला ओढल्यासारखी लांबट दिसते आणि दुपारच्या उन्हात तिला स्कूटर चालवता येत नाही.

डोळे मिटलेले असताना इजा झालीच कशी, हा आमचा पहिला प्रश्न होता. लेझर केसातील मेलॅनिन तापवतो, आणि तेच रंगद्रव्य बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात (आयरिसमध्ये) व दृष्टिपटलाखालीही असते. पापणीची त्वचा इतकी पातळ असते की ७५५ ते १०६४ नॅनोमीटरचा हा प्रकाश तिच्यातून आत उतरू शकतो. शिवाय डोळे घट्ट मिटले की बुबुळ वर, म्हणजे नेमके भुवईकडे, वळते, असे डॉक्टरांनी समजावले. इतक्या जवळ काम करायचेच असेल तर डोळा बधिर करून पापणीखाली धातूचे कवच बसवावे लागते, हेही तेव्हाच कळले.

असा अनुभव कोणाला असल्यास, थेंब बंद केल्यावर बाहुली पूर्ववत झाली का, की आयरिसची इजा कायम राहिली? दृष्टिपटलाची ओसीटी (प्रकाशाने थरांचे चित्र घेणारी) तपासणी सध्या ठीक आली आहे, परंतु पुढे मोतीबिंदूची शक्यता सांगितल्यामुळे किती काळ आणि किती अंतराने तपासणी करावी, हे नेत्रतज्ज्ञ सभासदांनी कृपया सांगावे. क्लिनिक लेझरचा प्रकार व ऊर्जेची नोंद द्यायला टाळाटाळ करत आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षे असतात. तरी ही नोंद लेखी कशी मागावी, याचा मसुदा कोणाकडे असल्यास हवा आहे.

घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत. गुलाबपाण्याचा सल्ला दोन आत्यांनी आधीच दिला आहे.