प्रतिसाद: शिक्षकांच्या हाती पिस्तूल, कोणाचा मुद्दा टिकतो?

'अमेरिकेतल्या शाळांत बंदूकबंदी असते म्हणूनच हल्लेखोर तिथे जातो, शिक्षकांना पिस्तूल द्या' हा मुद्दा बिनतोड वाटतो, कारण तो एका वाक्यात मावतो. खोलात गेलं की गळतो. शाळांतल्या गोळीबारांचीच उदाहरणं घ्या: कोलंबाइनला (१९९९) शाळेत सशस्त्र पोलीस होता, त्याने गोळ्याही झाडल्या. पार्कलंडला (२०१८) होता, तो इमारतीबाहेरच थांबला. युवाल्डीत (२०२२) ३७० हून जास्त पोलीस जमले, तरी हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटं गेली.

पण विरोधकही 'बंदूक वाईटच' एवढं म्हणून थांबतात, तिथे ते हरतात. सँडी हुक शाळेतला गोळीबार पाचेक मिनिटांत आटोपला होता. 'शेरिफ (तिथला स्थानिक पोलीसप्रमुख) येईपर्यंत काय करायचं?' हा खेड्यातल्या पालकाचा प्रश्न रास्तच आहे. त्याला तत्त्वज्ञान नको, तपशील हवा. पिस्तूल ठेवणार कुठे? कमरेला, तर दिवसभर पोरांच्या गराड्यात. तिजोरीत, तर ऐन वेळी हाताशी नाही. आत शिरलेल्या पोलिसाला साध्या कपड्यातला बंदूकधारी शिक्षक ओळखू कसा यावा? फ्लोरिडात यासाठी १४४ तासांचं प्रशिक्षण आहे. ते मिळूनही हे प्रश्न उरतातच.

माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा दोन्हीकडे मागे पडतो: शाळकरी हल्लेखोराची बंदूक बहुधा घरातूनच येते. मिशिगनच्या ऑक्सफर्ड शाळेतल्या गोळीबार प्रकरणात २०२४ मध्ये हल्लेखोर मुलाचे आईवडील दोघेही सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. घरातली बंदूक कुलपात ठेवणं हा विषय बंदूकप्रेमी पालकही निमूट ऐकून घेतो.