आमची लॅब्रॅडॉर कुत्री सतत पंजे चाटते, बोटांमध्ये तांबूस झालंय. नाशिककरांनो, जरा सांगा

मेघना_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. आमची राणी लॅब आहे, फिकट पिवळी, तीन वर्षांची. पाऊस सुरू झाल्यापासून पुढचे दोन्ही पंजे चाटत बसते. रात्री त्या चपचप आवाजाने आम्हालाही जाग येते. बोटांमधले केस तांबूस पडलेत आणि जवळ गेलं की आंबूस वास येतो. पोटाखाली लाल पुरळ आहे, कानही सारखे झटकते. लंगडत नाही, खाते-पिते व्यवस्थित. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर नेतो, संध्याकाळी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर. तिथे सध्या गाजरगवत कमरेपर्यंत वाढलंय. जेवण चिकन-भात, दही, कधी पोळी.

शेजारच्या काकू म्हणतात, डेटॉलच्या पाण्यात पाय बुडव. मेडिकलवाल्याने खाज-नायट्याचं मलम सुचवलं. मी अजून काहीच लावलेलं नाही. शनिवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. त्याआधी घरी काय बघून ठेवू?

निखिल_सिडको
दोन्ही नको. पंजाला लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेणार. त्या मलमांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्याने वरवर लाली उतरते आणि डॉक्टरांना खरं काय ते दिसत नाही.

बागायतदार_मोहाडी
मेघनाताई, काही लावलं नाहीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे बागेवर लहानपणापासून कुत्री आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की एकच पंजा चाटते की जास्त. एकाच पंजाच्या मागे लागलं असेल तर बहुतेक वेळा त्यात काहीतरी गेलेलं असतं नाहीतर लागलेलं असतं: काच, काटा, तुटलेलं नख. आणि आपल्याकडे दिवाळीनंतर कुसळ. पांडवलेणीच्या, रामशेजच्या उतारावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात घुसतात. कुसळाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आमच्या वाघ्याच्या मागच्या डाव्या पायाला मधल्या दोन बोटांत हरभऱ्याएवढा फुगवटा आला होता. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक, आणि दाबलं की रक्ताळलेलं पाणी यायचं. नुसत्या गोळ्यांनी सुकायचं, पुन्हा वर यायचं. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन चिमट्याने कुसळ काढलं, अख्खं, टोकासकट. तेव्हा कुठे जखम भरली.

राणीचं तसं वाटत नाही. दोन्ही पंजे, पोट आणि कान एकत्र म्हटल्यावर ॲलर्जीचा संशय आधी येतो, आणि त्यावर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असणार. हे यीस्ट कुत्र्याच्या कातडीवर एरवीही थोडं असतंच. बोटांमध्ये ओल राहिली, कातडी लाल झाली की ते माजतं. आंबूस वास त्याचाच. केसांचा तांबूस रंग मात्र लाळेतल्या रंगद्रव्याचा, म्हणजे चाटणं बरेच दिवस चालू आहे. अशी ॲलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते.

डॉक्टरांना सांगा, बोटांमध्ये चिकटपट्टी लावून ती मायक्रोस्कोपखाली बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. यीस्ट आहे की जिवाणू ते तिथल्या तिथे कळतं आणि औषध अंदाजाने द्यावं लागत नाही. कानातला मळही तसाच बघायला सांगा.

गाजरगवताचं तुम्ही लिहिलंत, त्याची शंका मलाही येते. त्याने माणसांच्या कातडीला खाज सुटते हे निंदणी करणाऱ्या बायका तुम्हाला सांगतील. कुत्र्याच्या पोटावर केस विरळ, घासत जाणार तेच. दोन-तीन आठवडे तो प्लॉट बंद करा आणि पोटावरचं पुरळ उतरतं का बघा.

चिकन मात्र मनानेच बंद करू नका. खाण्याची ॲलर्जी तपासायची तर तिने कधीच न खाल्लेलं एकच मांस किंवा डॉक्टरांनी दिलेलं खास खाद्य निदान आठ आठवडे द्यायचं. मध्ये बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. अर्धवट केलं तर काहीच कळत नाही.

तोपर्यंत फिरून आलं की साध्या पाण्याने पंजे धुवा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक बेचकं कोरडं करा. धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. बागांकडे फिरायला आलात आणि फवारणी झालेली असेल तर हे नक्कीच करा. आणि विषयाला सोडून एक: द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला अजिबात देऊ नका, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतात म्हणून मुद्दाम लिहितो.

पंचवटी_श्वानप्रेमी
दादांनी छान लिहिलंय. गोचीड दिसत नाही म्हणून नाही असं धरू नका. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आतल्या घडीत बोट फिरवून बघा. शिवाय गोचीड बराचसा काळ कुत्र्यावर नाही, भिंतीच्या फटीत काढते.

घरात कोणाच्या हाताला, पोटाला खाज सुटली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. खरजेचा एक प्रकार माणसांनाही त्रास देतो. आणि कोणी गुरांचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) टोचायला सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. मात्रा चुकली की कुत्रं थरथरतं, आंधळं होतं, दगावतं. कोली नावाच्या कुत्र्यांच्या जातीला तर थोडंही झेपत नाही.

मेघना_इंदिरानगर
सगळ्यांचे मनापासून आभार. आजच जाऊन आलो. पट्टी लावून बघितलं, यीस्टच निघालं, कानातही. कानात थेंब, खाजेवर गोळ्या, आणि आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिनचा औषधी शाम्पू दिलाय. फेस दहा मिनिटं ठेवायचाय. दादा, ही एक मिनिट उभी राहत नाही, दहा मिनिटं कशी ठेवू?

बागायतदार_मोहाडी
दोघं जण लागतात. सुरुवात पंजांपासून करा, मग पोट, मग पाठ. म्हणजे पंजांना आपोआप जास्त वेळ मिळतो. वेळ घड्याळ लावूनच मोजा. तेवढा वेळ एकाने पट्टा धरून बाल्कनीत हळूहळू फिरवायचं, म्हणजे ती खाली बसत नाही आणि चाटतही नाही. शेवटी बेचक्यातला फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, राहिला तर त्यानेच खाज येते. आठ-पंधरा दिवसांत चाटणं कमी झालं तरी शाम्पू मनाने थांबवू नका. पुढच्या भेटीत पुन्हा पट्टी लावून बघायला सांगा, मगच सोडा.