लाउडनला ‘देसी दुबई’ म्हणणाऱ्यांसाठी

जाईजुई
काल ‘व्हर्जिनियात घर कुठे घ्यावं’ या धाग्यावर शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीतल्या फेअरफॅक्सी यांनी एका नवख्या जोडप्याला सल्ला दिला: “लाउडन म्हणजे डेटा सेंटरांच्या सावलीतली देसी दुबई. पैसा आहे, गाव नाही. शनिवारी बाहेर पडताना आधारकार्ड जवळ ठेवा.” खाली हसणाऱ्यांची रांग लागली. मला काही हसू आलं नाही. तिथे लिहायला घेतलं तर लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही २००६ पासून लाउडन काउंटीतल्या अ‍ॅशबर्नात आहोत. आलो तेव्हा मागच्या कुंपणापलीकडे मका उभा असायचा. आता तिथे डेटा सेंटरचा बिनखिडक्यांचा राखाडी डबा आहे. तो सुंदर आहे असं मी म्हटलेलं नाही. पण ‘गाव नाही’? मुलगा झाला तेव्हा आईचा व्हिसा नाकारला गेला होता. समोरच्या केंटकीच्या बाईंनी पंधरा दिवस रोज संध्याकाळी काहीतरी रांधून आणून दिलं. अळणी होतं, पण दाराशी गरम यायचं. पुढे त्यांच्या नवऱ्याची केमो चालू होती तेव्हा त्यांच्या घरासमोरचा बर्फ आमच्या गल्लीतल्या तेलुगू, कोरियन आणि एका सोलापुरी घराने आळीपाळीने उपसला. याला गाव नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

२००० च्या जनगणनेत लाउडनची वस्ती १,६९,५९९ होती, २०२० मध्ये ४,२०,९५९. इतकी माणसं आली म्हटल्यावर शाळा बांधायला पैसे लागणारच. ते त्या डब्यांच्या करातून आले. २०१२ मध्ये घरपट्टीचा दर शंभर डॉलरमागे १.२३५ होता, २०२५ मध्ये ०.८०५ झाला. हे ‘सावली’वाल्यांनी कधी पाहिलंय?

फेअरफॅक्सी
दर उतरला हो, बिल उतरलं का? दुपटीने वाढलेली घराची किंमत सोयीस्करपणे गाळलीत. केंटकीच्या बाईंना माझा नमस्कार, पण शेजारी चांगला मिळाला हा काउंटीचा गुण कधीपासून? आम्हाला धारावीतही मिळाला असता.

माझं म्हणणं साधं आहे. तुमच्याकडे जुनं काही उरलेलं नाही, आणि नवं जे आहे ते सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं. ब्रॅम्बल्टनमध्ये मित्राचं घर शोधताना मी दोनदा दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवली. दोन्ही वेळा दार उघडणाऱ्याने मराठीतच विचारलं, “कोण पाहिजे?” आता हसायचं नाही तर काय करायचं?

टोलभैरव
अवांतर होईल, पण ब्रॅम्बल्टनला गेलात कुठल्या रस्त्याने? ग्रीनवेने गेला असाल तर गर्दीच्या वेळचा टोल ५.८० डॉलर. चौदा मैलांचे! १९९५ पासून खासगी मालकीचा रस्ता आहे. मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ झाला, आणि आपण प्रगत देशात येऊन मैलाला एक्केचाळीस सेंट मोजतोय.

जाईजुई
टोलभैरव, प्लीज. विषय टोलचा नाही.

खडीचा रस्ता
मी लव्हेट्सव्हिलजवळ राहतो, म्हणजे मीही लाउडनकरच. पण या दोघांच्या भांडणात पश्चिम लाउडन नकाशावरच नाही. फेअरफॅक्सी म्हणतात जुनं काही उरलं नाही. या एकदा इकडे. अजून मैलोन्‌मैल खडीचे रस्ते आहेत, दगडी गडगे आहेत, मिडलबर्गला घोडे आहेत. आणि जाईजुईताई ज्या डब्यांचे गोडवे गाताहेत, त्यांची वीज हवेतून येत नाही. उच्चदाबाच्या तारा कुणाच्या शेतावरून न्यायच्या यावर आमच्याकडे दर महिन्याला सभा होतात. पट्टी तुमची उतरते, मनोरे आमच्या माथी.

माझे शेजारी ऐंशीचे आहेत. लहानपणी दूध काढून शाळेत जायचे. ते म्हणतात, लाउडन १९६२ मध्येच संपलं, डलस विमानतळ झाला त्या दिवशी.

जाईजुई
शेजारी आजोबांचा मान ठेवून विचारते, त्या काळच्या लाउडनमध्ये कुणाला जागा होती? साठच्या दशकात लीझबर्गचा तरणतलाव दगड-सिमेंट घालून बुजवला, का? तर काळी मुलं पोहायला येतील. काळ्यांचं वेगळं हायस्कूल १९६८ पर्यंत चालू होतं. ते लाउडन संपलं तर मी दोन पेढे वाटेन.

खडीचा रस्ता
मी तारांबद्दल बोललो, तुम्ही तलावात उडी मारलीत. तलावाची गोष्ट खरी आहे आणि लाजिरवाणी आहे. पण त्या पापाची भरपाई म्हणून माझ्या शेतात मनोरा, हे कुठलं गणित?

फेअरफॅक्सी
बघा, लाउडनकरांचंच लाउडनवर एकमत नाही. आम्ही बाहेरचे उगाच बदनाम.

टोलभैरव
बाहेरचे म्हणालात म्हणून सांगतो. ग्रीनवे संपला की पुढे फेअरफॅक्समध्ये डलस टोल रोड लागतो, त्याचा टोल वेगळा. सिल्व्हर लाइन मेट्रोच्या खर्चातला मोठा वाटा त्याच पैशातून आला. म्हणजे गाडीवाल्याने भरायचं आणि मेट्रोवाल्याने बसायचं!

फेअरफॅक्सी
नोव्हेंबर २०२२ पासून मेट्रो तुमच्या अ‍ॅशबर्नपर्यंत येते. बसा की मग, कुणी अडवलंय?

टोलभैरव
स्टेशनापर्यंत जायला गाडी, गाडी लावायला पैसे, वर तिकीट. एकदा हिशेब केला होता, टोलपेक्षा सव्वा डॉलर वाचतो आणि पस्तीस मिनिटं जातात.

कोथरूड ते हर्नडन
२०२४ मध्ये ग्रीनवेला गर्दीचा टोल ८.१० करायचा होता, राज्याच्या आयोगाने नाकारला. तेव्हा थोडं सरकारचं कौतुकही करा. आणि मुंबईची माफी निवडणुकीच्या तोंडावर झाली होती, तिचे दाखले देऊ नका.

टोलभैरव
निवडणुकीच्या तोंडावर का होईना, झाली! इथे निवडणुका दरवर्षी असतात, काय मिळतं?

जाईजुई
मी संपादकांना विनंती करणार आहे की टोलवरचे सगळे प्रतिसाद उचलून दुसरीकडे न्यावेत.

रूट नाइन
एरवी लिहीत नाही, वाचते फक्त. मी लाउडनमधल्या एका शाळेत शिकवते आणि शेजारच्या राज्यात, वेस्ट व्हर्जिनियात, चार्ल्स टाउनच्या बाजूला राहते. पहाटे पावणेसहाला निघते. गाडीत टोलपुरते सुटे पैसे ठेवत नाही, तेवढं तरी सुख आहे.

जाईजुई, गल्लीतल्या बर्फाचं वाचून बरं वाटलं, खोटं सांगत नाही. पण पालकसभेत तुमच्या गल्लीतली माणसं मला हटकून विचारतात, “तुम्ही कोणत्या डेव्हलपमेंटमध्ये?” मी चार्ल्स टाउन म्हटलं की “ओह, तिकडे निसर्ग छान आहे.” निसर्ग छान आहे म्हणून कोणी रोज तासभर गाडी हाकत नाही. माझ्या पगारात तुमच्या गावात घर बसत नाही. फेअरफॅक्सी, तुमच्याकडेही बसत नाही, तेव्हा तुम्हीही फार खूश होऊ नका.

जाईजुई
हे मला लागलं. मीही कुणाला तरी असं विचारलेलं आहे. पण यात नवीन आलेल्यांचा दोष किती? घरं कमी आणि माणसं जास्त, हा कारभार आमच्या हातात होता का?

रूट नाइन
टाउनहाउसच्या, म्हणजे जोडून बांधलेल्या घरांच्या, योजनेविरुद्धच्या सह्या कोण गोळा करतं, ते तुमच्याच गल्लीत विचारा. मी एवढंच म्हणते.

खडीचा रस्ता
+१. आणि हो, आमच्याकडेही सह्या गोळा होतात. मीही केली आहे. घ्या, कबूल.

अण्णा, मुक्काम माण
मुलीकडे अ‍ॅशबर्नला दोन वेळा सहा-सहा महिने राहून आलो. मूळ गाव माण, हिंजवडीला लागून. आमची साडेतीन एकर संपादनात गेली. आता तिथे काचेची इमारत आहे आणि दारावरचा पोरगा मला विचारतो, “काका, काम काय आहे?”

मुलीच्या घरामागच्या पायवाटेवर एक म्हातारा गोरा भेटायचा. त्याचीही शेती गेलेली. त्याला इंग्रजी येतं, मला येत नाही, तरी आमचं तासभर चालायचं. जमीन गेली याचं त्याला फार नव्हतं, पैसे चांगले मिळाले म्हणाला. त्याचा राग वेगळाच. वसाहतीला त्याच्या ओढ्याचं नाव दिलं आणि ओढा पाइपात घातला. आमच्याकडे नावसुद्धा ‘फेज तीन’ दिलं. तेव्हा तुमचं हे भांडण मला सुखवस्तू वाटतं. राग मानू नका.

फेअरफॅक्सी
अण्णा, राग कसला. बरं, आधारकार्डाचा विनोद मागे घेतो. देसी दुबई मागे घेणार नाही.

जाईजुई
उपकार झाले. १९५० मध्ये तुमच्या फेअरफॅक्सची वस्ती एक लाखाच्याही आत होती आणि गावभर दुधाचे गोठे होते. ते गोठे कुणी बुजवले हे विचारून ठेवा. आणि डब्यांचं म्हणाल तर मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ‘हक्काने परवानगी’, म्हणजे सुनावणीशिवाय मिळणारी, काढून टाकली. आता प्रत्येकाला सुनावणी. त्या निर्णयाच्या सभेला मी गेले होते, तुमच्यापैकी कोण गेलं होतं?

खडीचा रस्ता
मी. तुमच्या मागच्या रांगेत बसलो असेन. उशिराच सुचलं त्यांना, पण ठीक.

नवखे जोडपे
नमस्कार. ज्यांच्या प्रश्नावरून हे सुरू झालं ते आम्हीच. सगळ्यांचे आभार. दोन्ही धागे वाचून घाबरलो आणि प्रिन्स विल्यम काउंटीत, मॅनॅससला घर बघितलं. काल ऑफर मान्य झाली.

फेअरफॅक्सी
अभिनंदन! तिथेही डेटा सेंटरवरून कोर्टकचेऱ्या झाल्यात, माहीत असेलच.

नवखे जोडपे
नव्हतं.

टोलभैरव
ऑफिस वॉशिंग्टन डीसीत असेल तर ६६ नंबरच्या महामार्गाने जाल. बेल्टवेच्या, म्हणजे शहराभोवतीच्या रिंगरोडच्या, आत गर्दीच्या वेळी एकट्याला टोल आहे. तिघे बसलात तर माफ.