वृद्धाश्रमाची तपासणी कळवून करावी की न कळवता?

बालाघाट
माझी आत्या बीड जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात तीन वर्षं होती. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. तिला मूलबाळ नाही, तिचे यजमान गेल्यावर वाड्यात एकटी राहीना, म्हणून मीच तिला तिथं सोडून आलो. दर वेळी फोन करून रविवारी दुपारी जायचो. चादर पांढरी, केसांना तेल, उशाशी केळी. समाधान वाटायचं.

गेल्या मे महिन्यात एका लग्नासाठी गावाकडं आलो होतो. न कळवता संध्याकाळी गेलो. खोली पत्र्याची, पंखा बंद, पाण्याचा तांब्या खिडकीत, तिचा हात पोचणार नाही इतका लांब. तिला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर एकाच कुशीवर पडून राहिल्यानं झालेली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. ऑफिसात जाऊन रजिस्टर मागितलं. 'कूस बदलली' या रकान्यात दर दोन तासांनी सही होती. रात्री दहाच्या घरातही सही होती. तेव्हा साडेआठ वाजले होते.

त्याच रजिस्टरवर महिनाभरापूर्वीच्या तपासणीचा शेरा होता: 'अभिलेख अद्ययावत आढळले.' ती तपासणी आठ दिवस आधी पत्रानं कळवून झाली होती.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. तपासणी न कळवता व्हावी, वर्षातून एकदा तरी रात्री व्हावी, आणि अहवाल साध्या मराठीत आश्रमाच्या दारावर लागावा. बालगृहांसाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात निदान सक्ती तरी आहे: तीन महिन्यांतून एकदा भेट, किमान तिघांचं पथक, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, आठवड्यात अहवाल. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यात पोटगी आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण आहे, जिल्ह्याला किमान एक १५० निराधारांचा आश्रम काढावा असंही आहे. पण अशी तिमाही तपासणी नाही. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मंजूर झालं नाही, आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. लेकराला जे मिळतं ते म्हातारीला का नको?

अंगणवेल
दादा, आत्याबाईंचं वाचून पोटात कालवलं. तरीही मी तुमच्या विरुद्ध लिहिणार आहे. लातूर जिल्ह्यात आम्ही नवराबायको चौदा वर्षं आश्रम चालवतो, आज ३२ जण आहेत.

तपासणीला माणसं आमच्याकडंही आली. चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखवा, ऑडिट दाखवा, ठरावाचं पुस्तक दाखवा. दोन तास ऑफिसात बसली, चहा घेतला, गेली. एकानंही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. अशीच माणसं रात्री अकराला येऊन आजींच्या खोलीचं दार वाजवणार असतील तर मला ते नको. ते आजींचं घर आहे. तुमच्या घरात कुणी रात्री बॅटरी घेऊन शिरलं तर चालेल का? आमच्याकडं दोघी अशा आहेत की दाराची कडी वाजली की थरथरतात, कारण घरातून त्यांना रात्रीच काढलं होतं.

आणि दारावर अहवाल? 'स्नानगृह असमाधानकारक' एवढे दोन शब्द लागले की दुसऱ्या दिवशी देणगी आटते. वाढदिवसाला श्रीखंड-पुरी देणारे पुष्कळ भेटतात, डायपरचं पाकीट देणारा वर्षात एखादा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही अंघोळी आठवड्यातून दोनवर आणल्या होत्या. त्या महिन्यात कुणी तपासलं असतं तर आम्ही नापासच झालो असतो. टँकरचे पैसे मात्र तपासणाऱ्यानं दिले नसते.

रात्रपाळी
ताई, मी सरकारी रुग्णालयात अकरा वर्षं नर्स होते, नंतर दोन वर्षं एका खासगी सेवा केंद्रात. तुमचं दुखणं कळतं, पण रात्रीची तपासणी हवीच. दिवसा आश्रमात माणसं असतात. म्हातारं माणूस पडतं ते पहाटे चारला लघवीला उठल्यावर, ओल्या फरशीवर, भिंतीला धरायला काही नसतं म्हणून.

बघणाऱ्याला बघता आलं पाहिजे, हे मात्र तुमचं खरं. मला पाठवलं तर मी रजिस्टर सगळ्यात शेवटी उघडेन. आधी जी बाई बोलत नाही तिच्याकडं जाईन. मोजे काढून टाचा बघेन, कारण पाठीकडं सगळे बघतात आणि टाचेची जखम राहून जाते. जीभ कोरडी आहे का, नखं कापलीत का, घंटा किंवा शिट्टी हाताशी आहे का. मग स्वतः घंटा वाजवून घड्याळ लावून उभी राहीन.

इन्सुलिनचं विचारेन. आम्ही होतो तिथं सातला इन्सुलिन टोचायचे आणि स्वयंपाकीण उशिरा आली की भाकर नऊला यायची. एका आजोबांना घाम फुटला, बरळायला लागले, आणि रात्रीच्या मावशीला वाटलं म्हातारपणाचं आहे. साखर उतरली होती. तोंडात साखर घातल्यावर ओळख पटली. मावशीची चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती एकटी सव्वीस जणांना होती. हे कुठल्या रकान्यात लिहितात?

गोदाकाठ
बालाघाट, तुम्ही चिडाल, पण विचारतो. तीन वर्षं फोन करूनच का जात होता? नातेवाइकानं महिन्यातून एकदा अवेळी डोकावलं तर सरकारी पथक लागतंच कशाला? आपण पैसे भरून मोकळे होतो आणि राग संस्थेवर काढतो. माझी आई परभणीला अशाच ठिकाणी आहे. मी मंगळवारी सकाळी सहाला जातो, कधी गुरुवारी रात्री. तिथली माणसं मला बघून नीट वागतात, दुसऱ्या आजींशीही.

बालाघाट
चिडलो नाही. खरं आहे तुमचं. ते मी रोज स्वतःला विचारतो आणि उत्तर सापडत नाही.

पण आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. बसस्टँडवर सापडल्या म्हणून पोलिसांनी आणून सोडलेल्या. त्यांच्याकडं मंगळवारी कोण जाणार? ज्याला कुणी नाही त्याच्यासाठीच तपासणी लागते.

अंगणवेलताई, दारावरच्या कागदाबद्दल मी थोडा मागं येतो. पहिल्या भेटीतच पाटी लावू नये. पंधरा दिवस द्यावेत, तेच पथक परत यावं, आणि तरीही तसंच असेल तर लावावी. पण उघडी जखम, उपाशी माणूस, बाहेरून कुलूप, यांना पंधरा दिवस नाहीत.

किल्लारीकर
मी निवृत्त आरोग्य सेवक. नियम कडक करा म्हणणं सोपं आहे. आश्रम बंद पडला तर ही माणसं जातील कुठं? दसरा झाला की आमच्याकडच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. मागं राहतात म्हातारी आणि बारकी लेकरं. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, लेक थांबू शकत नाही. पाच-सहा महिने म्हातारा शेजाऱ्याच्या भाकरीवर काढतो. अशा ठिकाणी जो कुणी वीस माणसं सांभाळतो त्याला नोटिशीनं घाबरवू नका. टँकर द्या, एक नर्स द्या, आणि मग विचारा.

एका बाबतीत मात्र सूट नको, ती म्हणजे इमारत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात आमची माणसं झोपेत गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं अंगावर आलं. भूकंपानं मारलं म्हणतात, पण मारलं घरांनी. म्हणून कुठल्याही आश्रमात गेलो की मी वर बघतो आणि दाराकडं बघतो. अंथरुणाला खिळलेली माणसं वरच्या मजल्यावर ठेवली असतील तर बाकी काही ऐकू नये. आगीच्या कायद्यानं जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो, पण आग विझवायच्या लाल नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे तर शाळेतलं पोरही बघू शकतं. पाणीही तसंच. टँकर टाकीत रिकामा झाला की ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची चाचणी, करा. पिवळा रंग आला नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलं नाही. याला पथक लागत नाही, गावचा आरोग्य सेवक पुरतो.

अंगणवेल
किल्लारीकर काका, आमचे पाच जण वरच्या मजल्यावर आहेत. खाली जागा नाही म्हणून. तुमचं वाचल्यावर रात्री यांच्याशी बोलले. ऑफिस वर नेतोय, त्या पाच खाटा खाली येतील.

रात्रपाळी ताई, रात्री यायचं तर नर्स येऊ द्या, मी दार उघडेन. नुसता कागद मागणारा नको, एवढंच माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे. दाराच्या पाटीला माझा विरोध कायम आहे. एक विचारायचं होतं. वजनं आम्ही दर महिन्याला घेतो, पण जे उभेच राहू शकत नाहीत त्यांचं काय करायचं? खाटेसकट वजन करायचं यंत्र आम्हाला परवडत नाही.

रात्रपाळी
शिंप्याची टेप घ्या. गुडघा दुमडून पाय सैल सोडायचा आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजायचा, टेप आवळायची नाही. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर अंगावरचं मांस उतरतंय असं धरून डॉक्टरांना दाखवायचं. पायावर सूज असेल तर माप फसतं, म्हणून आधी बोटानं दाबून बघा. दर महिन्याला तोच पाय, तीच टेप.

अंगणवेल
मोजलं. न उठणारे नऊ जण आहेत. दोघांच्या पायावर सूज होती, ते सोडले. सातांपैकी चौघं ३१ च्या आत. एक आजी २६ भरल्या. त्यांच्या नावापुढं मागचे सहा महिने 'जेवण व्यवस्थित' असं माझ्याच हातचं लिहिलेलं आहे. उद्या सकाळी त्यांना घेऊन दवाखान्यात चाललेय.