कॉपी पकडणाऱ्या चेकरमध्ये ४ टक्केच आलेत, मग संदर्भ द्यायचा की नाही?

चाळकरी_कलिना: एमएचा प्रबंध लिहितोय, विषय १९८२ चा गिरणी संप. एका इंग्रजी पुस्तकात मुद्दा मिळाला की संप इतका लांबला त्यामागे गावाकडच्या शेतीचा आधार होता, तो मी माझ्या शब्दांत मराठीत दोन पानं लिहिला. चेकरमध्ये ४ टक्के आले. मित्र म्हणतो १० च्या आत आहे, सुटलास. खरंय का? आणि आमच्या मजल्यावरचे काका गिरणीत होते, त्यांनी सांगितलेलं कुठेच छापलेलं नाही, ते तर मी वापरू शकतो ना असंच?

फास्टलोकल: अरे ते १० टक्के म्हणजे शब्द किती जुळले त्याचा हिशोब. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम आहे, १० पर्यंत शिक्षा नाही, ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्या, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. मुद्दा कोणाचा हे मशीनला काय कळणार, त्यात तू भाषाच बदललीस. व्हायवाला समोरच्या मॅडमनी तेच पुस्तक वाचलेलं निघालं तर ४ टक्के दाखवणार का त्यांना?

निवांत_माणूस: मग काय प्रत्येक ओळीला कंस? संप १८ जानेवारीला सुरू झाला, दत्ता सामंत नेते होते, यालापण संदर्भ?

दादर_टीटी: त्याला नाही लागत, ते सगळ्यांना माहितीये. पण संप का टिकला हे कोणीतरी कागद चाळून, माणसांशी बोलून मांडलंय, त्याला लागतो. आणि दोन पानं लिहून शेवटी एक कंस चिकटवायचा, हे सगळे करतात आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण लेखकाचं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं ते कळतच नाही. सुरुवातीलाच लिही "अमुक यांच्या मते" आणि तुझं आलं की "मला मात्र असं दिसतं". त्या पुस्तकात तिसऱ्याचाच उतारा असेल आणि मूळ तू पाहिलं नसशील तर तसं सांग, मूळ वाचल्याचा आव आणू नको. काकांचं म्हणजे मुलाखत, तारीख, ठिकाण टाक, परवानगी घे. नाव नको म्हणाले तर "निवृत्त साचेवाले कामगार, काळाचौकी" एवढं चालेल, गाइडला विचारून घे.

चाळकरी_कलिना: विचारलं काकांना. म्हणाले नाव टाक, आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण टाक, गिरणीतल्या खात्याचं नावपण.